मदत हवी आहे : जुन्या व्हिडिओ गेमची बंदूक एलईडी टीव्हीवर चालत नाही

नमस्कार मंडळी,

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर नव्वदच्या दशकातला आमचा व्हिडिओ गेम सापडला. दोन रिमोट, एक बंदूक आणि ती सुप्रसिद्ध '९९९९९९९ इन १' कॅसेट. (त्यात खरे गेम वीसेक, बाकी सगळी पुनरावृत्ती. हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं, पण मित्रांसमोर कोण कबूल करणार?) आमचा गेम म्हणजे निंटेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या कन्सोलची (गेमच्या यंत्राची) नक्कल होती हे फार पुढे कळलं. तेव्हा आमच्यासाठी तो नुसता 'टीव्ही गेम' होता.

अॅडॅप्टर नवा घेतला, कॅसेटला परंपरेप्रमाणे फुंकर मारली, पिवळी वायर एलईडी टीव्हीला लावली आणि गेम चक्क सुरू झाला! मारिओ आणि काँट्रा व्यवस्थित चालतात. अडलंय ते डक हंटपाशी. लेकीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बघ आता बाबाचा नेम." दहाच्या दहा बदकं उडून गेली आणि गवतातून तो कुत्रा वर येऊन फिदीफिदी हसला. लेक त्याच्याहून जास्त हसली.

आतापर्यंत केलेले उद्योग :
घोडा दाबला की पडदा क्षणभर लुकलुकतो आणि तीनपैकी एक गोळी कमी होते, म्हणजे घोड्याचं बटण ठीक असावं. बंदूक उघडून नळीतली काच पुसली. आत वजनासाठी एक लोखंडी तुकडा आणि छोटी सर्किटची पट्टी आहे, तुटलेली वायर दिसली नाही. टीव्हीचा ब्राइटनेस पूर्ण वाढवला. बल्बवर नेम धरून पाहिला. शेवटी लहानपणीचा हुकमी उपाय म्हणून नळी काचेला टेकवली, तरी एक बदक पडेल तर शपथ.

सेन्सर गेला असेल का? तसा सुटा मिळतो का? की टीव्हीतच काही सेटिंग करावं लागतं?

प्रतिसाद : बंदूक निर्दोष आहे

सेन्सर बदलू नका, दोष टीव्हीचा आहे. या बंदुकीतून काही सुटत नाही, ती फक्त बघते. तुम्ही घोडा दाबता तेव्हा गेम आधी सगळा पडदा काळा करतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. दोन बदकं असतील तर चौकोन एकापाठोपाठ एक येतात. बंदुकीला आधी काळोख आणि मग नेमक्या वेळी उजेड दिसला, तरच बदक पडतं. एक चित्र जेमतेम १७ ते २० मिलिसेकंद टिकतं. एलईडी टीव्ही आलेल्या चित्रावर आधी स्वतःचे संस्कार करतो आणि मग ते दाखवतो. तोवर गेमने 'नेम चुकला' असा निकाल देऊन टाकलेला असतो.

शिवाय डबा टीव्ही, म्हणजे जुना पिक्चर ट्यूबवाला, चित्र रेघेरेघेने काढतो आणि मूळ बंदुकीचं सर्किट त्या रेघांच्या लुकलुकीलाच दाद देतं. आपल्याकडच्या पद्धतीत त्या सेकंदाला १५,६२५ असतात. त्यामुळे 'गेम मोड' लावूनही उपयोग नाही. डबा टीव्ही शोधा.

प्रतिसाद : बल्बवरून आठवलं

तुमची बल्बची युक्ती डक हंटच्या १२ वर्षं आधी चालली असती! १९७२ च्या मॅग्नावॉक्स ऑडिसी या पहिल्या घरगुती कन्सोललाही एक रायफल मिळायची. अमेरिकन इंजिनिअर राल्फ बेअर यांचं डोकं. तिला फक्त उजेड हवा असायचा, त्यामुळे दिव्यावर नेम धरला तरी गोळी लागायची. १९८४ च्या डक हंटमध्ये तो आधीचा काळा पडदा आहे, म्हणून बल्बची लबाडी लगेच पकडली जाते.

प्रतिसाद : दोन सूचना

डबा घेताना १०० हर्ट्झवाला (सेकंदाला १०० वेळा चित्र काढणारा) घेऊ नका, त्यातही चित्रावर प्रक्रिया होते. आणि बंदूक उघडलीत तसा टीव्ही उघडू नका. बंद असला तरी आत जबर व्होल्टेज साठलेलं असू शकतं. ती हौस मेकॅनिकला करू द्या.

जाता जाता : एका बदकाच्या खेळात दुसरा माणूस रिमोटने बदक हवं तसं पळवू शकतो. आमच्या ताईने हे मला चार वर्षं कळू दिलं नव्हतं.

धागाकर्ता :

सगळ्यांचे आभार! मावशीकडे २१ इंची डबा अजून चालू आहे. काल तिथे जोडला, दुसऱ्याच गोळीला बदक खाली! रिमोटची गोष्ट मात्र लेकीच्या कानावर जाऊ देणार नाही.

आता एकच अडचण. त्या टीव्हीची पिवळ्या वायरची खाच ढिली आहे, जरा धक्का लागला की चित्र जातं. साताऱ्यात डबा टीव्हीला अजून हात लावणारा कोणी मेकॅनिक आहे का? दोन दुकानांत विचारलं, दोघांनीही एक्सचेंज ऑफर सांगितली.