१७८० चा ऑक्टोबर: एका महिन्यात तीन हरिकेन, खरंच?

खलाशीबुवा:
अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाबद्दल वाचत होतो, त्यात मधेच एक ओळ आली की ऑक्टोबर १७८० मध्ये कॅरिबियनमध्ये लागोपाठ तीन हरिकेन (म्हणजे तिकडची चक्रीवादळं) आली आणि त्यातल्या एकट्या एकात २२ हजारांच्या वर माणसं मेली. बस, एवढंच, पुढे परत लढाया सुरू! मला दोन गोष्टी कळत नाहीयेत. एक म्हणजे तेव्हा ना सॅटेलाइट ना बॅरोमीटरच्या धड नोंदी, मग तीन वेगवेगळी वादळं होती की एकच इकडून तिकडे फिरत होतं हे कुणी ठरवलं? आणि दुसरं, हा आकडा आला कुठून? कुणी नीट वाचलं असेल तर सांगा.

शिडाचीहोडी:
तीन वेगळीच. तारखा आणि जागा बघ म्हणजे गोंधळ उरत नाही. पहिलं महिन्याच्या सुरुवातीला जमैकाला, सव्हाना-ला-मार नावाचं गाव समुद्राने जवळपास पुसून टाकलं. दुसरं, ज्याला 'ग्रेट हरिकेन' म्हणतात ते, १० तारखेला बार्बाडोसला, मग मार्टिनिक, सेंट युस्टेशियस करत वर बर्म्युडाकडे. तिसरं त्यानंतर लगेच मेक्सिकोच्या आखातात, तिथे स्पेनचा आरमारप्रमुख सोलानो हवानाहून आरमार घेऊन पेन्साकोलावर (फ्लोरिडातलं, तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यातलं बंदर) चालला होता, साठच्या वर जहाजं आणि सुमारे चार हजार सैनिक, सगळा ताफा उधळला. म्हणून त्याला 'सोलानोचं वादळ' म्हणतात. पेन्साकोला शेवटी मे १७८१ मध्ये स्पॅनिशांच्या हाती पडलं. तेव्हा वादळांना नावं द्यायची पद्धतच नव्हती, ज्याचं जास्त नुकसान त्याचं नाव चिकटायचं.
आणि नोंदी कशा मिळाल्या म्हणतोस तर युद्धामुळेच! ब्रिटिश, फ्रेंच, स्पॅनिश, तिघांची आरमारं त्याच पाण्यात, आणि आरमारी जहाजावर वाऱ्याची दिशा रोज लॉगबुकात लिहावीच लागते. शांततेचं वर्ष असतं तर त्या सीझनबद्दल याच्या निम्मंही कळलं नसतं असं मला वाटतं.

जुनीपानं:
वरच्याला अनुमोदन, थोडी भर घालते. वारा गोल फिरतो हे तेव्हा सर्वमान्य नव्हतं. अमेरिकेत रेडफिल्डने १८२१ च्या वादळानंतर पाहिलं की एका भागात झाडं एका दिशेला पडलीत आणि थोडं लांब गेलं की बरोब्बर उलट दिशेला, त्यावरून त्याने १८३१ मध्ये मांडलं की हा भोवरा आहे. त्याच वर्षी बार्बाडोसला परत मोठं हरिकेन झालं, दुरुस्तीच्या कामाला रीड नावाचा ब्रिटिश इंजिनिअर अधिकारी गेला आणि त्याला या विषयाचं वेडच लागलं, त्याने १७८० ची जुनी लॉगबुकंही उकरून काढली. म्हणजे वादळ झाल्यावर पन्नासेक वर्षांनी त्याचा 'तपास' लागला :)
ब्रिटिश ॲडमिरल रॉडनीचं तर मला हसूही येतं आणि कीवही. तो त्या दिवसांत न्यूयॉर्ककडे होता, नंतर बार्बाडोसला येऊन बघतो तर दगडी इमारतींचे पाये उखडलेले, झाडांची सालं सोललेली. त्याने लिहिलं की नक्की भूकंपही झाला असणार, वाऱ्याच्या जोरापुढे लोकांना तो जाणवला नसेल! भूकंप वगैरे काही नव्हता.

दर्यावर्दी_७:
जमैकाच्या वादळातली फिनिक्स या ब्रिटिश आरमारी जहाजाची गोष्ट कुणीच कशी सांगितली नाही? डोलकाठी तोडून टाकली तरी जहाज क्युबाच्या किनाऱ्यावर आपटलं, क्युबा म्हणजे तेव्हा शत्रूचा मुलूख. बहुतेक खलाशी वाचले पण अडकले, मग आर्चर नावाचा लेफ्टनंट उघड्या होडीतून जमैका गाठून मदत घेऊन आला, आणि हे सगळं त्याने आईला पत्रात लिहिलंय.

खलाशीबुवा:
भारी! आणि २२ हजारांचं काय?

जुनीपानं:
ती बेटाबेटांची बेरीज आहे. मार्टिनिकला अंदाजे नऊ हजार, बार्बाडोस आणि सेंट युस्टेशियसला प्रत्येकी चार-पाच हजार, शिवाय समुद्रात बुडालेले, त्यात फ्रेंच सैनिक घेऊन जाणारी जहाजं होती. पण हे आकडे हजारात गोल केलेले असतात हे विसरू नकोस. या बेटांवर बहुसंख्य लोक उसाच्या मळ्यातले गुलाम, आणि ते हिशेबात यायचे ते मालकाचं नुकसान म्हणून, गुरांच्या नि साखरेच्या रांगेत. अधिकाऱ्यांची नावं सापडतात, यांची नाही.

शिडाचीहोडी:
बरोबर. तरीही अटलांटिकमधलं सगळ्यात जीवघेणं हरिकेन म्हणून अजून तेच धरतात, १९९८ चं मिच अकरा हजारांच्या वर जाऊनसुद्धा त्याच्या मागे. आणि खलाशीबुवा, तो सीझन फक्त ऑक्टोबरचा नव्हता बरं का, ऑगस्टमध्ये न्यू ऑर्लिन्सलाही एक बसलं होतं, त्याच्यावर वेगळा धागा काढ, इथे लिहीत बसलो तर रात्र जाईल.