उजीला निदान एक सकाळ द्या
जपानमधल्या क्योतोच्या तीन दिवसांच्या सहलीतून जवळच्या उजी या गावासाठी दोन तास काढावेत का, असा प्रश्न एकाने विचारलाय. दोन तासांत उजी होत नाही, एक सकाळ तरी द्याच. क्योतोहून जेआर या रेल्वे कंपनीच्या नारा लाईनने अर्ध्या तासात पोचता.

इथल्या ब्योदोइन या बौद्ध मंदिराचं फिनिक्स सभागृह १०५३ सालचं. दहा येनच्या नाण्यावर हेच आहे. खिशातलं नाणं काढून समोर धरून बघा! आत जोचो या शिल्पकाराने घडवलेला लाकडी अमिदा (अमिताभ) बुद्ध आहे. भोवती ढगांवर तरंगणारे ५२ छोटे बोधिसत्त्व, कुणी वाद्य वाजवतोय, कुणी नाचतोय. त्यातले काही शेजारच्या संग्रहालयात अगदी जवळून दिसतात, ते चुकवू नका. सभागृहाच्या आत जायला वेगळं तिकीट लागतं आणि थोड्याथोड्या लोकांनाच सोडतात, म्हणून आल्याआल्या आधी ते काढा.

बरेच जण इथूनच परततात याची मला खरंच हळहळ वाटते. नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे जा ना! तिथलं उजिगामी हे जपानमधलं आजवर टिकलेलं सर्वांत जुनं शिंतो देवालय. उन्हाळ्यात गेलात तर संध्याकाळपर्यंत थांबा, नदीवर होड्यांतून पाणकावळ्यांकरवी मासे धरतात. आणि माचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, नदीकाठीच बसून प्या.