मदत हवी आहे: बोटीच्या स्टिरिओला एमपीथ्री प्लेअर लावला की गाणाऱ्याचा आवाजच गायब होतो

किनाऱ्यावरची:
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, बाबांची बोट उद्या सकाळी हर्णैला येतेय आणि बर्फ-डिझेल भरून परवा परत जाणार, तेवढ्यात हे करून द्यायचंय.

केबिनमध्ये साधा कारचा स्टिरिओ आणि दोन स्पीकर आहेत. आधी पेनड्राइव्ह चालायचा पण खाऱ्या हवेने यूएसबीचं तोंड पार गंजलं, म्हणून दिवाळीत बाबांना छोटा एमपीथ्री प्लेअर घेऊन दिला. मोबाईल का नाही असं कोणीतरी विचारणारच, तर बंदर सुटलं की थोड्या वेळात रेंज जाते, सहा-सात दिवस बाहेर असतात आणि मोबाईलची बॅटरी गाण्यांवर घालवायला बाबा तयार नाहीत, ते बरोबरच आहे.

प्लेअरमध्ये आजोबांच्या भजनी मंडळाची कॅसेट भरून दिलीय. १९९४ च्या गणपतीत ओटीवर एकच टेपरेकॉर्डर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग. मध्येच कोणीतरी खोकतं, आजी चहाला हाक मारते, सगळं आलंय त्यात. आजोबा जाऊन १२ वर्षं झाली. जाळं टाकून झालं की बाबांना तेच ऐकायचं असतं.

आता प्रॉब्लेम. स्टिरिओच्या मागे ऑक्ससाठी (बाहेरचा प्लेअर जोडायला) लाल आणि पांढरं अशी दोन भोकं आहेत. घरात जुन्या कॅमेऱ्याची वायर पडली होती, एका टोकाला हेडफोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी-पिवळी. लाल-पांढरी लावली, पिवळी तशीच लोंबकळतेय. प्लेअर त्याच्या बॅटरीवर असला की सिनेमाची गाणी लागतात पण गाणारा नाही! व्हायोलिन, एको सगळं येतं आणि बाई विहिरीच्या तळाशी बसून गातेय असं वाटतं. भजन तर लागतच नाही, फुल आवाजावर बारीक कुजबुज फक्त. पण प्लेअरला बोटीवरच्या बॅटरीचा चार्जर लावला की आजोबा एकदम खणखणीत. मात्र तेव्हा इंजिन चालू असेल तर सोबत कुंऽऽ असा आवाज, रेस वाढवली की तोही चढत जातो.

हेडफोनवर सगळं नीट वाजतं. दुकानदार म्हणतो स्टिरिओच बदला. खरंच बदलायला लागेल का?

सह्यकडा:
सरळ ब्लूटूथवाला स्टिरिओ घ्या ना, वायरची कटकटच नको.

किनाऱ्यावरची:
दादा, प्लेअरला ब्लूटूथ नाहीये, आणि दोन दिवसांत नवीन स्टिरिओ बसवणार कोण?

जुनी सोल्डर:
ताई, स्टिरिओ चांगला आहे, प्लेअरही चांगला आहे, वायर चुकीची आहे. पिनवर काळ्या रेघा किती ते बघ. गाण्याच्या वायरला दोन असतात, कॅमेऱ्याच्या वायरला तीन, कारण तिच्यातून चित्रही जातं. तुझ्या प्लेअरची अर्थ (अर्थिंग, म्हणजे दोन्ही बाजूंच्या आवाजाची सामायिक परतीची वाट) जिथे टेकते तिथे या वायरमध्ये पिवळी आलीय, म्हणजे अर्थ कुठेच पोचत नाही. अर्थ नसली की डाव्या आणि उजव्या बाजूतला फरक तेवढाच स्टिरिओला मिळतो. गाणाऱ्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा असतो, तो वजा होऊन जातो. आणि तुझ्या आजोबांचं रेकॉर्डिंग एका टेपरेकॉर्डरवरचं, मोनो, दोन्हीकडे शब्दन् शब्द तोच, मग उरणार काय?

चार्जर लावलास की तुटलेली अर्थ चार्जरमधून, बोटीच्या वायरिंगमधून फिरून मिळते, म्हणून भजन लागतं. पण त्याच वाटेने अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा, आवाज आत शिरतो. ती कुंऽऽ तीच.

खात्री करायची तर चार्जर काढ, भजन लाव आणि पिवळ्या पिनचं मधलं टोक स्टिरिओच्या पत्र्याला टेकव. आवाज आला तर प्रश्न मिटला. मग दोन रेघांची पिन ते लाल-पांढरी अशी वायर आण. प्लेअर बोटीवरून चार्ज करूच नकोस, पॉवर बँक दे, तिचा बोटीच्या वायरिंगशी संबंध नाही. बोटीवरूनच चार्ज करायचं असेल तर गाण्याच्या वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थच्या वाटेने शिरणारा आवाज अडवणारी छोटी डबी) लागेल. शिवाय स्वस्त चार्जरमुळे वायरलेस सेटवरही खरखर येऊ शकते आणि १६ नंबर चॅनेल, म्हणजे संकटात मदत मागायचं चॅनेल, नीट ऐकू येणं गाण्यापेक्षा महत्त्वाचं. एक विचारतो, बोट १२ व्होल्टची की २४?

किनाऱ्यावरची:
बोट आली. नांगरलेली होती, होडीने गेले. रेघा तीनच आहेत! पिवळ्याचं टोक पत्र्याला टेकवलं तर काहीच नाही, पोटात गोळा आला, मग बघितलं तर पत्र्यावर रंग होता. स्क्रूवर टेकवलं आणि मधल्या ओळीपासून आजोबा सुरू. बाबा दारात डिझेलचा कॅन धरून उभे होते, त्यांनी तो खाली ठेवला आणि गजर संपेपर्यंत उचलला नाही.

दापोलीहून नवीन वायर आणली, पॉवर बँकही दिली. इंजिन चालू करून बघितलं, कुंऽऽ नाही. खूप खूप आभार. बोट २४ व्होल्टची आहे, दोन बॅटऱ्या, स्टिरिओचं कनेक्शन त्यातल्या एकीवरूनच घेतलंय.

जुनी सोल्डर:
वाटलंच मला. कारचा स्टिरिओ १२ व्होल्टचा, म्हणून एकीवरून घेतलाय. पण एकीवरून घेतलं की ती कायम कमी चार्ज राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन खराब होते, आणि समुद्रात इंजिनला स्टार्टर मारायचा तो याच बॅटऱ्यांवर. २४ व्होल्टचे १२ करणारा कन्व्हर्टर टाकून दोन्ही बॅटऱ्यांवरून सप्लाय घ्या. आणि नवीन वायरच्या पिना महिन्यातून एकदा काढून पुसायला सांग बाबांना, हिरवं चढलं की पुन्हा हेच सुरू होईल.

किनाऱ्यावरची:
कन्व्हर्टर किती अँपिअरचा? स्टिरिओच्या मागे १० चा फ्यूज आहे.

जुनी सोल्डर:
१० चाच घे. इंजिनच्या खोलीत लावू नका, तापतो, केबिनमध्ये हवा खेळेल तिथे लावा. कन्व्हर्टरच्या येण्या-जाण्याच्या दोन्ही लाइनला फ्यूज टाकायला विसरू नका.