मुतविंजीला गाइडशिवाय निम्मंच बघून होतं

मुतविंजी म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधलं नॅशनल पार्क, तिथल्या अ‍ॅबोरिजिनल (मूळ रहिवासी) लोकांची दगडावरची जुनी चित्रं आणि कोरीवकाम बघायला लोक जातात. जवळच्या ब्रोकन हिल या शहरातून तिथे स्वतःच गाडी काढून जावं की डे टूर घ्यावी असा प्रश्न असेल, तर माझं मत टूरच घ्या. होमस्टेड क्रीक या ओढ्याच्या बाजूचे ट्रेक आपापले करता येतात, तिकडे थोडी चित्रंही दिसतात, पण खरा खजिना आहे त्या हिस्टॉरिक साइटवर गाइडशिवाय सोडतच नाहीत. आणि बरोबरच आहे ते, पूर्वी लोकांनी बिनधास्त नासधूस केली, शेवटी १९८३ मध्ये तिथल्या अ‍ॅबोरिजिनल लोकांनी रस्ताच अडवला आणि १९९८ मध्ये पार्क मूळ मालकांना परत मिळालं.

गाइड नसेल तर दगडावर टोचून कोरलेली पावलं उन्हात चटकन दिसतही नाहीत, तो तिरप्या उजेडात उभं करून दाखवतो. हाताचे ठसे म्हणजे हात रंगात बुडवून उठवलेले नाहीत हां, हात दगडावर ठेवून गेरू तोंडाने फुंकलेला, म्हणून हात कोरा आणि कडेने रंग. हात लावू नका प्लीज.

पाऊस झाला की कच्चा रस्ता बंद करतात, आदल्या दिवशी चौकशी करा. आणि ब्रोकन हिलचं घड्याळ सिडनीच्या अर्धा तास मागे असतं, पिकअपची वेळ त्या हिशोबाने धरा.