मंगळावरच्या गाड्या आणि आपण (अनुभव)

वडाळ्याची मनू

गणपती तोंडावर आले म्हणून काल माळा काढला. मोडका मिक्सर, मखराचा थर्माकोल (आता चालत नाही, तरी जपून ठेवलाय) आणि त्याखाली बाबांची लांब वही. वाटलं ड्यूटीचा हिशेब असेल. उघडली तर मंगळ!

बाबा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. जानेवारी २००४ मध्ये नासाच्या दोन गाड्या तीन आठवड्यांच्या अंतराने मंगळावर उतरल्या, स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी. बाबांच्या भाषेत थोरली आणि धाकटी. मी तेव्हा कॉलेजात. दर शनिवारी सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजायचे, दोघी कुठवर गेल्या ते वाचायचं आणि घरी येऊन सांगायचं, ही माझी ड्यूटी. बाबांचे प्रश्न शास्त्राचे नसायचेच. चाकं किती? सहा. स्पीड? सेकंदाला जास्तीत जास्त पाच सेंटिमीटर, तोही सपाट कडक जमिनीवर. ड्रायव्हर कुठे बसतो? कॅलिफोर्नियात. मग ब्रेक कधी मारतो?

इथे मी अडकले. पुढच्या शनिवारी उत्तर आणलं. निरोप पोचायलाच चार ते बावीस मिनिटं लागतात, म्हणून मंगळावर सकाळ झाली की दिवसभराचं काम एकदम पाठवून देतात. गाडी आपली आपण चालते, मोठा दगड दिसला तर थांबते, आणि काय झालं ते इकडे संध्याकाळी कळतं. बाबा म्हणाले, "मग तो ड्रायव्हर नव्हे गं, टाइमकीपर."

मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा, त्यामुळे सुरुवातीचे तीन महिने तिथली माणसं मंगळाच्या घड्याळावर. रोज ड्यूटी चाळीस मिनिटं पुढे. "आमच्या युनियनने चालू दिलं नसतं."

वहीतलं एक पान जसंच्या तसं:

२६ एप्रिल २००५. धाकटी वाळूत रुतली.
४ जून. निघाली. चाकं फिरली दीड-दोनशे मीटर, गाडी सरकली एक मीटर.
२७ जुलै. आपली पण अडकली. सायन. १९ तास. पॅसेंजर ३१. बिस्किटं संपली.

त्या रात्रीबद्दल बाबा घरी कधी एवढंही बोलले नव्हते.

तुमच्याकडे आहे का असं काही? लिहा.

दिवा_लोकल

ऑपॉर्च्युनिटी एकूण ४५.१६ किमी चालली, १४ वर्षांत. सीएसएमटीहून सोडली असती तर दिवा मागे टाकून डोंबिवलीच्या अलीकडे कुठेतरी पोचली असती. आम्हाला दिव्याला नुसतं चढायलाच १४ वर्षं लागतात.

कोपरकर

डोंबिवलीच्या अलीकडे म्हणजे कोपर. नाव घ्यायला काय होतं लोकांना?

शुभदा पार्ले

आमची आजी!! १९ फेब्रुवारी २०२१, पहाटे सव्वादोन. नासाची पर्सिव्हिअरन्स गाडी मंगळावर उतरणार म्हणून मी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात, दिवा न लावता. आजीला तशीही झोप नसते, ती आली मागून. पडद्यावर नासाच्या स्वाती मोहन बोलत होत्या, कपाळावर टिकली. आजी एकदम खूश, "अगं ही आपल्यातली!" मग दोन मिनिटांनी, "तिला कोणीतरी पाणी द्या, मघापासून एकटीच बोलतेय."

मी समजावलं की आजी, सिग्नल यायला अकरा मिनिटं लागतात, आपल्याला कळेल तोवर गाडी उतरलेली असेल किंवा आपटलेली असेल. आजी म्हणाली, "म्हणजे बाळंतीण सुटलीय, तार यायचीय."

तार आली. दोघींनी पहाटे तीनला चहा केला. सकाळी आईने विचारलं, दूध कुठे गेलं.

टेबलावरचा चहा

क्युरिऑसिटी, ६ ऑगस्ट २०१२. सोमवार, अकरा वाजता, म्हणजे बरोब्बर आठवड्याच्या मीटिंगच्या तोंडावर. ९०० किलोची गाडी हवेत तरंगणाऱ्या क्रेनने दोरीला बांधून खाली सोडणार होते. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर कपाट चढवताना चार हमाल लागले आणि जिन्याचा कठडा गेला, म्हणून मला या प्रकाराची फारच धास्ती.

बॉस मागे येऊन उभे. काय बघतोयस? म्हटलं, लँडिंग पेज. खोटं नव्हतं अगदी. ते तिथेच उभे राहिले आणि मीटिंग साडेअकराला सुरू झाली.

निमा_ठाकूरद्वार

मनू, वहीला वाळवी नाही ना लागली? कडुनिंबाचा सुका पाला ठेव पानांत. आणि माळ्यावर परत टाकू नकोस.

वडाळ्याची मनू

नाही ताई, कव्हर तेवढं झुरळांनी खाल्लंय. पाला कुठे मिळेल?

निमा_ठाकूरद्वार

अगं वडाळ्यात राहतेस आणि कडुनिंब विचारतेस. खाली बघ रस्त्यावर.

मंडळाचा कार्यकर्ता

२०१९ चे गणपती. मंडपात रात्रीची राखण आमची, सहा-सात जण, पत्ते चालू. ७ सप्टेंबरच्या पहाटे दोनच्या सुमाराला चांद्रयान-२ चा विक्रम चंद्रावर उतरणार होता, म्हणून पत्ते बाजूला ठेवले आणि एका मोबाइलवर सगळी डोकी. २.१ किमी राहिले आणि संपर्क गेला. कोणी काही बोललं नाही. एक जण उठला आणि समईत तेल घालून आला, एवढंच.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३, तेच टोळकं, या वेळी मंडळाचा मोठा स्क्रीन. ६ वाजून ४ मिनिटांनी उतरला. ढोल आधीच आणून ठेवला होता, कोणी आणला ते अजून कबूल करत नाही. दुसऱ्या दिवशी त्यातली गाडी, प्रज्ञान, बाहेर आली म्हणून परत वाजवला.

अचूक_गोखले

छान. पण धागा मंगळाचा आहे, आणि चंद्र ग्रह नाही, उपग्रह आहे.

मंडळाचा कार्यकर्ता

नवग्रहांत आहे काका. स्तोत्र म्हणून बघा, दुसराच नंबर.

अचूक_गोखले

हरलो. :)

भिजलेला_पाव

धाकटी गेली तेव्हाचं आठवतं. जून २०१८, मंगळभर धुळीचं वादळ, सूर्य दिसेना. "माझी बॅटरी संपत आलीय, अंधार पडतोय." लोकलमध्ये वाचलं आणि डोळ्यांत पाणी. समोरच्या बाईंनी रुमाल दिला, त्यांना वाटलं ब्रेकअप.

अचूक_गोखले

हे वाक्य गाडीने पाठवलेलं नाही. तिने आकडे पाठवले होते, वीज किती आणि अंधार किती याचे. एका पत्रकाराने त्याचा सोपा अर्थ सांगितला आणि तोच जगभर फिरला.

भिजलेला_पाव

माहितीय हो काका. नंतर कळलं. रुमाल कुठे परत देणार आता?

सोसायटी_सेक्रेटरी (माजी)

दर ऑगस्टात गच्चीची किल्ली मागायला येणारे कोणाकोणाकडे आहेत? "आज मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार." २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ खरंच खूप जवळ होता, साडेपाच कोटी किमीच्या आसपास, तरी दिसला ठिपकाच. तो निरोप तेव्हापासून फिरतोय, आधी ईमेलवर, आता व्हॉट्सअ‍ॅपवर. आणि आपल्याकडे ऑगस्टात आभाळ असतं कुठे! एकदा पंधरा जण छत्र्या घेऊन वर गेले, टाकीचं झाकण उघडं सापडलं. म्हणजे फायदा झाला.

लेकुरवाळी

नासाने नावं मागवली होती ना पर्सिव्हिअरन्सवरून पाठवायला, एक कोटीच्या वर नावं गेली चिपवर. लेकाने सगळ्यांची घातली, मोत्याचंसुद्धा. बोर्डिंग पास आले. मोत्याचा लॅमिनेट करून त्याच्या ताटलीच्या वर लावलाय. सासूबाईंना अजून राग आहे, त्यांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं म्हणून. कुकर होतोय, नंतर लिहिते.

कोपरकर

मनू, थोरलीचं काय झालं पुढे? वहीत आहे का?

वडाळ्याची मनू

आहे. २००६ मध्ये तिचं पुढचं उजवं चाक बंद पडलं. मग ते ओढत ओढत तिला उलटी चालवायला लागले. बाबांनी ही बातमी दोनदा वाचायला लावली होती मला, कारण ते आधीच म्हणाले होते, "रिव्हर्स टाका." पुढच्या वर्षी त्या ओढलेल्या चाकाने जमीन खरवडली गेली आणि खालून पांढरी माती निघाली, जवळजवळ निव्वळ सिलिका. म्हणजे तिथे कधीकाळी गरम पाणी किंवा वाफ असणार. वहीत फक्त "चाक कामाला आलं."

मे २००९ मध्ये रुतली ती निघालीच नाही. २२ मार्च २०१० नंतर आवाज नाही. बाबांची नोंद: "थोरली. शेडमध्ये."

धाकटीच्या नोंदी २०११ पर्यंत आहेत. मग माझं लग्न झालं, कोणी वाचून दाखवणारं राहिलं नाही.

शुभदा पार्ले

बाबा आहेत ना गं?

वडाळ्याची मनू

आहेत आहेत! ७८. आत्ता शेजारीच बसलेत, तुमचं सगळं वाचून दाखवलं. क्युरिऑसिटीच्या चाकाचा फोटो दाखवला मोबाइलवर, ॲल्युमिनियम फाटून भोकं पडलीत त्याचा. चष्मा वर करून बघत होते बराच वेळ. त्यातली काही भोकं मुद्दाम ठेवलेली आहेत, वाळूत मोर्स कोडमध्ये जेपीएल (गाडी बनवणारी नासाची प्रयोगशाळा) असा ठसा उमटावा म्हणून, हे सांगितलं. म्हणाले, "असल्या हौसेपायीच टायर जातात."

दिवा_लोकल

बाबांना नमस्कार सांगा.

वडाळ्याची मनू

सांगितला. विचारतायत, तुम्ही कितीची गाडी पकडता? म्हणतात दिव्याला चढायचं नसतं, उलटं डोंबिवलीला जाऊन बसून यायचं.

दिवा_लोकल

काका, डोंबिवलीवाले उतरू देत नाहीत.