दुधाचे दातही दुखतात
एका ताईंनी लिहिलंय, 'सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसलेल्या) मुलाचं आधी बसणं-चालणं बघा, दुधाचे दात काय, पडणारच.' आम्हीही असंच म्हणायचो. लेक 4 वर्षांची, बोलत नाही. दोन महिने रात्री रडायची, घास दिसला की मान फिरवायची. सोलापुरातल्या झाडून सगळ्या मावश्या-आत्यांनी दृष्ट काढली! निघाली किडलेली दाढ. ती काढल्यावर लेक झोपली, आणि आम्हीही.

कारण घरातच होतं. फिटचं औषध म्हणजे गोड सिरप, तेही झोपताना. शिवाय जीभ नीट फिरत नसल्याने दुधात कुस्करलेली भाकरी गालात तासभर तशीच. आता औषध आधी, ब्रश नंतर. मी आणि हे समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसतो, तिचं डोकं माझ्या मांडीवर, पाय यांच्याकडे. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी. 3 वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढीच. थुंकता येत नाही, म्हणून फेस ओल्या फडक्याने टिपते.

फेनिटॉइन हे फिटचं औषध चालू असेल तर हिरड्या वाढू शकतात. डॉक्टरांना दाखवा, औषध मात्र मनाने बंद करू नका. आणि बोट दातांमध्ये घालू नका, ब्रश लागताच जबडा आपोआप मिटतो. माझं एक नख गेलंय.