‘ट्रॅव्हलर’ला मराठीत काय म्हणावं? (आणि ‘टिंकर’ला?)

सारंगा
एका छोट्या फिल्मची मराठी सबटायटल्स करतेय. विषय स्कॉटलंडमधले ट्रॅव्हलर लोक. पिढ्यान् पिढ्या पाल टाकत हिंडणारे, पत्र्याची भांडी घडवणारे, नदीच्या शिंपल्यांत मोती शोधणारे, उन्हाळ्यात ब्लेअरगावरीला रासबेरी तोडायला जमणारे. फिल्ममध्ये एक आजी बर्करांची गोष्ट सांगते. १८२८ मध्ये एडिनबरात बर्क आणि हेअर या जोडीने १६ खून करून प्रेतं शरीरशास्त्राच्या डॉक्टरला विकली होती. त्यातून ट्रॅव्हलरांमध्ये भीती रुजली की रात्री उंच टोपीवाले डॉक्टर घोडागाडी घेऊन येणार आणि झोपलेल्या माणसाला कॉलेजात कापायला नेणार. घोड्यांच्या खुरांना चिंध्या बांधलेल्या, म्हणजे चाहूल लागायला नको. पडद्यावर चार नर्तक ते खूर करतात, टाच जमिनीला टेकते पण वाजत नाही. आवाज फक्त आजीचा. अंगावर काटा येतो.

अडलंय पहिल्याच ओळीला: ‘वी आर ट्रॅव्हलर्स.’ ‘आम्ही प्रवासी’ लिहिलं की ‘प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी’ ऐकू येतं. ‘भटके’ लिहिलं, त्यावर काम देणाऱ्यांनी लाल रेघ मारली. शिवाय गावातला एकजण त्यांना ‘टिंकर’ (शब्दशः टिनवाला, पत्र्याची भांडी करणारा) म्हणून हिणवतो. ‘कल्हईवाला’ लिहू? पण त्यात शिवी कुठाय?

टवाळ_कार्टं
‘ट्रॅव्हलर’च ठेवा. फक्त आमच्याकडे ट्रॅव्हलर म्हणजे सतरा सीटर टेम्पो, आणि ‘ट्रॅव्हल्स’ म्हणजे रात्री साडेदहाला स्वारगेटहून सुटते ती.

वि. ना. अ.
यायावर. इतका सुंदर शब्द असताना हे टेम्पो कशाला?

नीलमोहर
विनाअ, पालाबाहेर चहा उकळणारी म्हातारी ‘आम्ही यायावर’ म्हणेल? कुठल्या जन्मात?

वि. ना. अ.
म्हातारीने मराठी तरी कुठल्या जन्मात बोलायचं होतं? भाषांतरात एकदा सोडलं की सगळंच सोडावं लागतं.

पालावरचा
‘भटके’वर लाल रेघ का मारली असेल ते सांगतो. आपल्याकडे हा शब्द आता सरकारी आहे. विमुक्त जाती अ, भटक्या जमाती ब, क, ड. दाखला काढायला गेलात की समजतं. ‘विमुक्त’ तर चुकूनही लिहू नका. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात अडकवलेल्या लोकांना १९५२ मध्ये सोडलं, म्हणून ते विमुक्त. स्कॉटलंडला तो कायदा नव्हता, तिकडचा छळ वेगळा. आणि नुसतं ‘भटके’ म्हटलं की पुढे ‘कुत्रे’ जोडणारेही आहेत. मी घिसाडी आहे, शाळेत दोन्ही ऐकलंय.

सारंगा
धन्यवाद, हे हवं होतं. मग ‘फिरस्ते’?

पालावरचा
फिरस्ता हौसेने फिरतो. त्याला परतायला घर असतं.

कोकणची_मैना
इंग्रजीत ‘टी’ मोठा लिहिला की हे एका समाजाचं नाव आहे हे कळतं. तिथल्या एका न्यायाधिकरणाने २००८ मध्ये त्यांना वांशिक गट मानलंही आहे. आपल्या लिपीत मोठं अक्षरच नाही, त्यामुळे ‘ट्रॅव्हलर’ लिहिलं तरी वाचणाऱ्याला टूरवाला वाटणार. पहिल्यांदा येईल तिथे ‘ट्रॅव्हलर जमात’ करा, पुढे नुसतं ट्रॅव्हलर.

नीलमोहर
+१. पण ‘जमात’वरून आता वाद होणार.

वि. ना. अ.
होणारच. जमात अरबी आहे.

टवाळ_कार्टं
आला! मी वाटच बघत होतो.

गोंधळात_गोंधळ
थोडं अवांतर. यांच्या कँट बोलीत (ही आपसातली, बाहेरच्याला न कळणारी) रोमानीतून, म्हणजे रोमा (जिप्सी) लोकांच्या भाषेतून, आलेले शब्द आहेत आणि रोमानी मुळात आपल्याकडची. पाण्याला ‘पानी’. पोराला ‘चावी’, रोमानीत ‘छावो’. तो आणि आपला ‘छावा’ एकाच घरचे, दोघांचं मूळ जनावराचं पिल्लू. म्हणजे फिल्ममधली आजी नातवाला ‘चावी’ म्हणत असेल तर तिथे अनुवादाची गरजच नाही!

कोकणची_मैना
छान आहे, पण ‘छावा, इकडे ये’ वाचल्यावर थेटरात घोषणा सुरू होतील. शिवाय सगळे ट्रॅव्हलर रोमा नव्हेत. बरेच तिथलेच, फक्त शब्द मिसळलेत. हे लोक भारतातून गेले असं कुणी फॉरवर्ड करू नका, प्लीज.

गोंधळात_गोंधळ
मी असं म्हटलंच नाही. शब्द गेले म्हटलं.

बाहेरच्याला कळू नये म्हणून बोली राखणं आमच्याकडेही आहे. आमचे आजोबा गोंधळी. करपल्लवी करायचे. कुणी त्यांच्या साथीदाराच्या कानात नाव सांगायचं, साथीदार बोटांच्या खुणा करायचा आणि आजोबा ते नाव मोठ्याने बोलायचे. लोक थक्क. मला शिकवली नाही, म्हणाले कॉलेजला जा.

सारंगा
शेवटी एक गाणं आहे, बिनसाथीचं. त्यावर आजी म्हणते, गळा चांगला असून भागत नाही, ‘कोन्याख’ पाहिजे. ब्लेअरगावरीच्या स्ट्यूअर्ट घराण्यातली शीला स्ट्यूअर्ट हा शब्द नेहमी वापरायची. काळीज पिळवटून गाण्यात उतरतं, ते. याला काय?

नीलमोहर
दर्द.

वि. ना. अ.
आर्तता.

टवाळ_कार्टं
आर्तता म्हणजे भावगीत. शाल, तंबोरा, मागे समई.

पालावरचा
‘जीव’. ‘गाण्यात जीव पाहिजे.’ आमची आई म्हणायची.

सारंगा
हे घेते.

कोकणची_मैना
या गाणाऱ्यांबद्दल थोडं. हॅमिश हेंडरसन एडिनबरा विद्यापीठासाठी लोकगीतं गोळा करत होता. १९५३ मध्ये अ‍ॅबर्डीनमध्ये त्याला जीनी रॉबर्टसन भेटली. शेजाऱ्यांच्या लेखी साधी गृहिणी, पण पोटात शेकडो वर्षांपूर्वीचे बॅलड, म्हणजे पोवाडे. तिला १९६८ मध्ये एमबीई हा ब्रिटिश सरकारी किताब मिळाला.

वि. ना. अ.
बॅलडला पोवाडा म्हणू नये. पोवाड्यात पराक्रम लागतो. कथागीत म्हणा.

नीलमोहर
कथागीत कोण म्हणतं?

वि. ना. अ.
मी.

सारंगा
‘टिंकर’ राहिलाच हो. शुक्रवारी फाइल द्यायची आहे.

पालावरचा
‘कल्हईवाला’ नको. कल्हईवाल्याची लोक वाट बघायचे. शिवी हवी तर गाववाले पालाकडे बघून जे म्हणतात ते लिहा: ‘ए, पालं उचला!’ नावच घेत नाहीत.

टवाळ_कार्टं
पण टिनवाला म्हणजे कल्हईवालाच ना? कल्हई कथलाचीच असते.

वि. ना. अ.
भांड्याला आतून कथील लावणं वेगळं आणि पत्र्याचं भांडं घडवणं वेगळं. बाकी कल्हईसुद्धा अरबी.

टवाळ_कार्टं
मग शुद्ध मराठीत भांडी घासू नका.

नीलमोहर
विषय निघालाच आहे तर, आजीची पितळी पातेली काढली आहेत. पुण्यात अजून कल्हई कोण करतं? निदान नवसागर कुठे मिळेल?

गोंधळात_गोंधळ
बोहरी आळीत विचारा.